ओसरीवरून : कुलूप आणि कायदा

गेल्या श्रावणांत टेंभुर्णीच्या आमच्या घरीं सारी मंडळी जमली होती. जेवणें आटोपून ओसरीवर पानसुपारी चालली असतां पुण्याहून आलेल्या पुतण्यानें तक्रार काढली, "काका, पुण्यांत पगार पुरतो, पण घर मिळत नाहीं. सरकारनें सारे निर्बंध उठवावे, म्हणजे घरें आपोआप बांधलीं जातील." त्यावर आमचे चिरंजीव म्हणाले, "आणि तीं घ्यावयाचीं कोणीं? गरिबाच्या पाठीशीं कायदाच हवा!" वाद रंगला. वाचकांच्या ओसरीवरही तो कधीं ना कधीं रंगला असेलच, म्हणून त्याविषयीं आज चार शब्द लिहितों.

हा वाद नवा नव्हे. १९७६ सालीं संसदेनें नागरी जमिनीच्या कमाल धारणेचा कायदा केला. जमीन हा विषय राज्यांच्या अधिकारांतला. म्हणून संविधानाच्या २५२ व्या अनुच्छेदाप्रमाणें आधीं कित्येक राज्यांच्या विधिमंडळांनीं ठराव केले, आणि मगच दिल्लीस तो कायदा करतां आला. मुंबईसारख्या महानगरांत रिकाम्या जागेची मर्यादा ५०० चौरस मीटर, लहान शहरांत २,००० पर्यंत. जादा जमीन सरकारनें घ्यावी व तिच्यावर सामान्यांचीं घरें उठावीं, हा हेतु. त्या हेतूस कोण नांवें ठेवील? परंतु मोबदला मोठ्या शहरांतही चौरस मीटरला फार तर १० रुपये! मालक न्यायालयांत गेले, कित्येकांनीं सवलती मिळविल्या, आणि पुष्कळशी जमीन ना मालकाच्या कामीं आली, ना गरिबाच्या.

पुढें १९९९ सालीं संसदेनें तो कायदा रद्द केला. पण तेथेंही राज्याची संमति हवीच होती. २००५ सालीं केंद्रानें शहरांच्या पुनरुत्थानाची योजना काढली व निधीसाठीं जीं बंधनें घातलीं, त्यांत हा कायदा रद्द करण्याचेंही एक होतें. महाराष्ट्रानें तो २००७ च्या नोव्हेंबरांत रद्द केला. एक पक्ष म्हणाला, आतां जमीन मोकळी होऊन घरें स्वस्त होतील. दुसरा म्हणाला, गरिबाच्या हक्काची जमीन बांधकाम व्यावसायिकांच्या घशांत जाईल. हा अंधगजन्यायच झाला. एकाच्या हातीं सोंड लागली, दुसऱ्याच्या हातीं शेपूट. कायदा होता तेव्हां घरें अपुरीं होतीं. तो जाऊन इतकीं वर्षें झालीं, तरी घरें स्वस्त झालीं कीं नाहीं, हें आमच्या पुतण्यालाच विचारावें.

मग घर उठतें कशानें? आमच्याच जिल्ह्यांतलें उदाहरण घ्या. सोलापूरजवळ कुंभारी येथें विडी कामगार, यंत्रमाग कामगार वगैरे श्रमिकांसाठीं ३०,००० घरांची रे नगर वसाहत योजिली गेली. माजी आमदार नरसय्या आडम यांनीं तिच्यासाठीं वर्षानुवर्षें पाठपुरावा केला. पंतप्रधान आवास योजनेखालीं ९ जानेवारी २०१९ रोजीं पायाभरणी झाली, आणि १९ जानेवारी २०२४ रोजीं पहिल्या १५,००० घरांचें हस्तांतरण झालें. पायाभरणीच्या वेळचा अंदाज १,८११ कोटींचा. त्यांपैकीं ७५० कोटी केंद्र व राज्य मिळून देणार होतें, म्हणजे घरामागें अडीच लाख. साम्यवादी पुढारी आणि दिल्लीचें सरकार यांचें कोणत्या विषयावर पटतें, तें वाचक जाणतातच. तरी येथें घरें उठलीं. कारण त्यांत राहणार कोण, हें पाया खणण्यापूर्वींच ठरलें होतें, आणि तीं माणसें आपला प्रश्न सोडून घरीं बसलीं नाहींत.

मी हें मोठ्या ऐटींत सांगत होतों. तोंच सूनबाई दारांतून हळूच म्हणाल्या, "मामंजी, आपल्या सोलापूरच्या घरांतल्या खालच्या दोन खोल्या किती वर्षें बंद आहेत?"

मी गप्प झालों.

त्या खोल्यांची हकीकत अशी. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें जुनीं भाडीं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवलीं होतीं. भाडेकरू निराधार होऊं नये म्हणून केलेला तो कायदा. पण त्या भाड्यांत डागडुजीही भागेना, आणि भाडेकरू एकदां शिरला कीं निघावयाचा नाहीं, ही धास्ती घरोघर बसली. आमच्या वडिलांनीं खोल्यांना कुलूप घातलें. १९८७ सालीं माझ्या एका सहशिक्षकानें त्या मागितल्या. नुकतें लग्न झालेलें, घरीं वृद्ध आई. वडिलांनीं नकार दिला. तें पत्र मात्र मींच लिहिलें. पुढें तो आठ वर्षें एका खोलींत राहिला. आईला आणावयास जागा नव्हती, म्हणून ती गांवींच राहिली, आणि तिच्या अंतकाळीं तो जवळ नव्हता. त्यानें मला कधीं बोल लावला नाहीं. तेंच अधिक सलतें.

३१ मार्च २००० पासून नवा भाडेनियंत्रण कायदा अंमलांत आला. लिव्ह-अँड-लायसन्सचा करार नोंदवून जागा द्यावी आणि मुदत संपतांच परत मागावी, ही वाट त्यांत स्पष्ट आहे. धास्तीचें कारण गेलें. कुलूप मात्र राहिलें. त्या कुलुपाचा दोष कोणत्या विधिमंडळाच्या माथीं मारूं?

आपण गृहस्थ म्हणवितों. गृहांत राहतो तो गृहस्थ, इतकाच त्या शब्दाचा अर्थ घेऊन आम्हीं निर्धास्त बसलों, आणि गृह नाहीं म्हणून ज्यांचा गृहस्थाश्रम अडतो त्यांचा विचार सरकारवर सोंपविला. सरकारचें कर्तव्य मोठें आहे व तें त्यानें केलेंच पाहिजे. पण ज्या घरांत चार खोल्या वापरांत व दोन कुलुपांत आहेत, तेथल्या वादविवादास वजन तें कितीसें असावयाचें?

गेल्या महिन्यांत सोलापुरास गेलों. कुलूप इतकें गंजलें होतें कीं दोनदां तेल सोडावें लागलें. एका तरुण शिक्षकाचें कुटुंब आतां तेथें राहतें. करार रीतसर नोंदविला आहे. पुतण्या अजून पुण्यांत घर शोधतो आहे. तेथेंही एखाद्या वृद्धाजवळ अशीच एक किल्ली असेल.