रोजकीर्दींतील पहिली ओळ

'सुरक्षितता प्रथम' अशी पाटी भिंतीवर लावली म्हणजे मालकाचें कर्तव्य संपलें, अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत असते. ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन आला म्हणजे शपथा होतात, बिल्ले लावले जातात. दुसऱ्या दिवशीं मात्र यंत्राच्या पट्ट्यावरचें झाकण काढलेलेंच असतें, कारण त्यानें 'काम अडतें'! सुरक्षितता ही धंद्यास वरून घातलेला अलंकार नव्हे, ती रोजच्या व्यवहाराच्या पोटांतच असली पाहिजे, असें आमचें मत आहे.

ह्याचा उत्तम दाखला अमेरिकेंतील आल्कोआ ह्या ॲल्युमिनियमच्या बड्या कंपनीचा आहे. १९८७ सालीं पॉल ओनील तिचे मुख्याधिकारी झाले. गुंतवणूकदारांपुढील पहिल्याच भाषणांत नफ्याऐवजीं ते कामगारांच्या दुखापतींविषयीं बोलले, तेव्हां ऐकणारे चकितच झाले. कोणासहि इजा झाली कीं विभागप्रमुखानें २४ तासांच्या आंत आपणांस कळवावें, व तसें पुन्हां घडूं नये म्हणून काय करणार तेंहि सांगावें, असा त्यांनीं नियम केला. आतां इतक्या त्वरेनें उत्तर द्यावयाचें तर प्रमुखास मुकादमाकडून व मुकादमास कामगाराकडून तत्काळ बातमी मिळाली पाहिजे. आणि बातमी हवी असेल तर सांगणाऱ्यास रागें भरून चालत नाहीं. शिवाय अपघाताचें कारण शोधूं गेलें असतां यंत्र कोठें बिघडतें, माल कोठें वायां जातो, हेंहि उघडें पडतें. दर १०० कामगारांमागें वर्षास १.८६ असलेलें काम बुडविणाऱ्या दुखापतींचें प्रमाण २००० सालापर्यंत ०.२ वर आलें. नफाहि कैक पटींनीं वाढला. त्याचें सारें श्रेय ह्या एका नियमास देतां येणार नाहीं, पण त्यानें धंदा बुडाला नाहीं, एवढें तर खरेंच.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरचा छापखाना, गिरणी किंवा लहानसें वर्कशॉप आहे, त्यांस आमची एवढीच विनंति आहे. रात्रीं रोजकीर्द लिहावयास बसाल, तेव्हां विक्रीचा आंकडा मांडण्यापूर्वीं विचारा: आज कोणास लागलें काय? कोणी थोडक्यांत वांचला काय? उत्तर 'होय' आलें, तर माणसास दोष देण्याआधीं पट्ट्याचें झाकण, उघडी तार, ओली फरशी पाहा, आणि दुरुस्तीचा दिवस तेथेंच लिहून ठेवा. तुटलेला पट्टा बाजारांत मिळतो. कामगाराचीं बोटें मिळत नाहींत, आणि त्या बोटांवर त्याच्या घरचीं चार माणसें जेवत असतात.