बाद झालेल्या मुलींची सुट्टी

शालेय बास्केटबॉल स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. जिंकलेला संघ वाशीम जिल्ह्यातून अमरावती विभागात आणि तिथून राज्य पातळीवर जातो. सामने बहुधा बाद पद्धतीचे असतात, त्यामुळे पहिल्याच फेरीत हरलेल्या संघाचा त्या वर्षीचा खेळ तिथेच आटोपतो. मालेगावसारख्या तालुक्याच्या गावातून वाशीमला गेलेल्या मुली तासाभरात परतीच्या एसटीत बसलेल्या असतात. स्पर्धेत निवड होते, शिकवणे होत नाही. शाळेतला खेळाचा तास परीक्षा जवळ आली की गणित-इंग्रजीला जातो. मग शिकायला उरते ती सुट्टी.

सुट्टीतल्या शिबिरांची परंपरा आपल्या विभागाला नवी नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४पासून व्यायाम आणि खेळ शिकवत आले आहे. तोच धागा पकडून मालेगावात मुलींसाठी बास्केटबॉलचे कौशल्य शिबिर भरवता येईल. पण त्यात काय शिकवायचे, हे आधी ठरायला हवे. दहा दिवस दोन संघ पाडून सामने खेळवले, तर ज्यांना येते त्यांच्याच हाती चेंडू राहतो आणि बाकीच्या नुसत्या धावतात.

पहिले दोन दिवस रिंगकडे पाहूसुद्धा नये. धावत येऊन दोन्ही पायांवर थांबणे, एक पाय रोवून वळणे आणि उडी मारून नीट उतरणे एवढेच घ्यावे. रिबाउंडसाठी उडालेली नवखी मुलगी बहुतेकदा ताठ पायांवर उतरते आणि तिचे गुडघे आत झुकतात. गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध फाटण्याचा धोका अशा खेळांत मुलींना मुलांच्या दुपटीहून अधिक असतो. गुडघे वाकवून, पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून, आवाज न करता उतरण्याचा सराव हा धोका बराच कमी करतो. मग ड्रिबल, पास आणि दोन पावलांचा लेअप. बारा वर्षांच्या आतल्या मुलींना ३.०५ मीटर उंचीच्या रिंगवर मोठा चेंडू फेकायला लावू नये. त्यांच्यासाठी २.६० मीटरची रिंग आणि पाच नंबरचा चेंडू असतो. चेंडू जड आणि रिंग उंच असली की मुलगी तो खांद्यावरून भिरकावते, आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही.

जागेची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. पूर्ण मैदान २८ बाय १५ मीटरचे, पण टोकियो ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आलेला तीन-तीन खेळाडूंचा प्रकार एकाच रिंगवर, साधारण अर्ध्या मैदानात खेळतात. खरी अडचण वेळेची आणि घरची आहे. मे महिन्यात वऱ्हाडातले ऊन आठ वाजताच चटके देते. म्हणून सराव सहा ते आठ या वेळेतच हवा. पण तीच वेळ पाणी भरण्याची आणि घरकामाची. शिवाय लग्नसराई. मेडशी गावाकडच्या मुलीला सहाला मैदानावर यायचे तर आदल्या रात्री घरच्यांनी हो म्हटलेले असावे लागते. सोबत महिला प्रशिक्षक, वापरण्याजोगे स्वच्छतागृह आणि जाण्यायेण्याची सोय असेल, तर तो होकार सोपा होतो. पालकांची सभा म्हणूनच पहिल्या दिवसाआधी घ्यावी.

पुण्याची शिरीन लिमये भारतीय महिला संघाची कर्णधार झाली. तिचे नाव उद्घाटनाच्या भाषणात येईलच, यायलाही हवे. मात्र दहा दिवसांत राष्ट्रीय खेळाडू घडत नाही. शिबिराचा खरा हिशेब जूनअखेर विदर्भातल्या शाळा उघडल्यावर लागतो. बहुतेक ठिकाणी तोवर चेंडू क्रीडासाहित्याच्या कपाटात बसलेले असतात आणि कपाटाला कुलूप असते. तेव्हा शिबिराच्या अंदाजपत्रकात हवा भरायचा एक पंप धरावा, मैदानावर राहील अशा एका शिक्षिकेची नेमणूक करावी आणि त्या कपाटाची किल्ली तिच्याकडेच द्यावी.