शेळीचा मालक कोण?

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी वस्तीतल्या एक मावशी धापा टाकत आमच्या केंद्रावर आल्या. महापालिकेची गाडी त्यांच्या दोन शेळ्या आणि एक करडू उचलून घेऊन गेली होती. शेळ्या घरासमोरच, रस्त्याच्या कडेच्या खांबाला बांधलेल्या होत्या. आम्ही दोघी कोंडवाड्यावर गेलो. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारले, "मालक कोण?" मावशी म्हणाल्या, "मालक सोडून गेले, सहा वर्षं झाली."

तिथे उभे असलेले लोक हसले. मला हसू आले नाही, कारण पुढची सगळी अडचण त्या एका शब्दातच होती. राहण्याचा पुरावा मागितला, तर घरपट्टीची पावती नवऱ्याच्या नावावर. शेळ्या घेतल्याचा पुरावा मागितला, तर त्या बाजारात रोखीने घेतलेल्या. शेवटी बचत गटाच्या वहीतली कर्जाची नोंद दाखवली, तेव्हा चौथ्या दिवशी शेळ्या सुटल्या. दंड भरला, दिवसागणिक चाऱ्याचे पैसे भरले आणि चार दिवसांची धुण्याभांड्याची कामे बुडाली ती वेगळीच. करडू परत आले नाही. ते दगावले, एवढेच सांगण्यात आले.

मैत्रिणींनो, जनावरांच्या नियमांचा आणि स्त्रियांच्या प्रश्नाचा काय संबंध, असे वाटेल. पण आपल्या वस्तीत बाईच्या स्वतःच्या मालकीचे काय काय असते, याची यादी करून पाहा. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, दागिने बहुधा गहाण, आणि हातातली मजुरी संध्याकाळपर्यंत संपलेली. शेळी मात्र तिने घेतलेली असते, तीच पाला आणते, तीच बाळंतपण करते. पाच महिन्यांत शेळी विते. उस्मानाबादी असेल तर पुष्कळदा जुळी देते. बकरी ईदच्या आधी बोकड विकला की मुलांच्या शाळेचा खर्च निघतो. नवऱ्याला न विचारता अडीनडीला विकता येईल अशी ही एकच मालमत्ता.

२०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या मोजल्या गेल्या. गावात शासनाच्या योजना आणि महिला आर्थिक विकास महामंडळाचे गट बाईला शेळीपालनासाठी उत्तेजन देतात. तीच बाई दुष्काळाने शहरात आली की तीच शेळी 'उपद्रव' ठरते. कधी बाई जागची हलतही नाही, शहरच तिच्या दारी येते. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे घेतली गेली. गोठा तोच, बाई तीच, फक्त नियम बदलले. ते बदलताना गोठ्यात राबणाऱ्या बाईला कोणी विचारले?

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. आमच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा शेजारणीच बोलल्या. नळाच्या ओट्यावर लेंड्या, माश्या, पावसात कुबट वास. ते सगळे झाडायचे कोणी? बाईनेच. शेळ्यांसाठी पाला आणायला शाळा बुडवून कोणाला पाठवले जाते? मुलालाही नाही, मुलीलाच. दाट वस्तीत माणसे आणि जनावरे एकत्र राहिली की रोगराईचा धोका असतो, हेही खरे. म्हणजे नियम नकोत असे आपले म्हणणे नाही. नियम कोणासाठी आणि कोणाला विचारून केले जातात, हा आपला प्रश्न आहे.

कोंडवाड्यांचा मूळ कायदा इंग्रजांच्या काळातला, १८७१चा. जनावर कोंडायचे, दंड आणि चारापाणी वसूल करायचे, सात दिवसांत कोणी आले नाही तर नोटीस लावायची, आणखी सात दिवसांनी लिलाव करायचा. शेताची नासाडी करणाऱ्या गुरांसाठी केलेली ही रीत आज हातावर पोट असलेल्या बाईला लागू होते. मुंबई-पुण्यात कुत्रा पाळायलाही महापालिकेचा परवाना लागतो. पण परवाना नाही म्हणून बंगल्यातला कुत्रा गाडीत घालून नेलेला मी तरी पाहिलेला नाही.

वेगळे काही करता येत नाही असेही नाही. मुंबईतल्या म्हशी शहराबाहेर हलवायच्या ठरल्या तेव्हा १९४९ मध्ये सरकारने आरे वसाहत उभारली, गोठे बांधून दिले. तबेलेवाल्यांना जागा मिळू शकते, तर दोन-दोन शेळ्या पाळणाऱ्या वीस बायकांना एक सामायिक गोठा का मिळू नये? फेरीवाल्यांसाठीच्या २०१४च्या कायद्याने शहर समितीत किमान ४० टक्के जागा फेरीवाल्यांना दिल्या आणि त्यातल्या एक तृतीयांश स्त्रियांना. ज्यांच्या पोटावर नियम येणार त्यांनी नियम करताना बसले पाहिजे, हे तत्त्व तिथे मान्य झाले आहे. मग इथे का नाही?

आमच्या गटाने महापालिकेला दिलेल्या निवेदनात पाच मागण्या आहेत. जनावर उचलण्याआधी लेखी सूचना आणि उचलल्यावर जागेवरच पावती. नोंदणी बाईच्या नावावर, घराच्या कागदाची अट न घालता. वस्तीजवळ सामायिक गोठा, पाणी आणि लेंडीखताची व्यवस्था. पीपीआर आणि आंत्रविषाराच्या लसी वस्तीत येऊन, बायका कामावरून परतल्यावर, संध्याकाळी. आणि नियम बदलण्याआधी जनावरे पाळणाऱ्या बायका व त्यांच्या शेजारणी, दोघींशी चर्चा.

२०११ पासून आपल्या राज्यात स्थानिक संस्थांमधल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. आपल्या प्रभागातल्या नगरसेविकेला हा प्रश्न विचारायला काय हरकत आहे? शेळी हा क्षुल्लक विषय आहे असे त्या म्हणाल्या, तर त्यांना कोंडवाड्याच्या खिडकीशी एक सकाळ उभे करावे.

मावशींनी आता नवे करडू घेतले आहे. या वेळी गटाच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह लिहून घेतले: शेळीची मालक, आणि पुढे स्वतःचे नाव. तुमच्या शहरात काय नियम आहेत, कोंडवाड्याचा तुमचा अनुभव काय, जरूर कळवा.