सोपारा म्हणजेच बायबलमधील ओफिर?

१/ पालघर-माहीमकडून वैतरणा ओलांडून दक्षिणेस गेले की सोपारा लागते. शलमोन राजाकडे जेथून सोने गेले, ते बायबलमधील ओफिर हेच, असे अभिमानाने सांगितले जाते. या दाव्यास आधार काय?

२/ मुख्यतः नामसाम्य. बायबलच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात ‘सोफिर’ असे रूप आढळते. पहिल्या शतकातील ज्यू इतिहासकार जोसेफसही हे स्थळ भारतात असल्याचे सांगतो. मात्र अरबस्तान आणि पूर्व आफ्रिका यांचेही दावे आहेत.

३/ इस्रायलमधील तेल कासिले येथे १९४६ साली मिळालेल्या खापरावर ‘ओफिरचे सोने’ असा उल्लेख आहे. त्यावरून नाव खरे ठरते, ठिकाण कळत नाही.

४/ सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ‘बुरूड राजाचा कोट’ नावाचे टेकाड खणले. आत बौद्ध स्तूप निघाला. दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक आणि सोन्याची फुले होती. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, तर १९५६ मध्ये भुईगावला नवव्याचा. शलमोनाचा काळ अशोकापूर्वी सुमारे ७०० वर्षांचा; तेवढे अंतर नामसाम्याने भरून निघत नाही.

५/ माझ्या मते, ज्या बंदरात अशोकाची आज्ञा दगडावर कोरली गेली, त्याला उसन्या वैभवाची गरज नाही. नालासोपाऱ्यात इमारतींचे पाये रोज खणले जात आहेत. त्याआधी शास्त्रीय उत्खनन झाले नाही, तर ओफिरच काय, खुद्द सोपाराही आपल्याला कळणार नाही.