शर्यतीनंतरचा रस्ता

मोटारसायकलच्या शर्यती पाहून घरी परतणे हा वाङ्मयीन लेखाचा विषय होऊ शकतो, हे आमच्या मराठी विभागात फारसे कोणी मान्य करणार नाही. तथापि आम्ही दोघेही पदवीच्या वर्गाला प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवतो आणि कोल्हापूरहून कोईमतूरला शर्यती पाहावयास दुचाकीवरूनच जातो; त्यामुळे नकाशा पुढे घेऊन परतीचा मार्ग आखू लागलो की वर्गातले प्रश्न तेथेही उभे राहतात. चांगला रस्ता कशाला म्हणावे? 'निसर्गरम्य' हे विशेषण नेमके कोणाच्या डोळ्यांनी लावले जाते? आणि मुख्य म्हणजे, दोन दिवस केवळ वेग पाहिलेल्या माणसाने कोणता रस्ता निवडावा?

शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण त्यात हाडे मोडण्याचा संभव आहे. चेट्टीपाळयम येथील करी मोटर स्पीडवे २००३ पासून सुरू आहे. भारतीय शर्यतींसाठी गाड्या घडवणाऱ्या एस. करिवर्धन यांचे नाव त्याला दिलेले आहे. एक फेरी दोन किलोमीटरांहून किंचित अधिक. स्वार तेच वळण सरावात आणि शर्यतीत शेकडो वेळा घेतो. ब्रेक कोठे दाबायचा, गुडघा कोठे टेकायचा, हे त्याला पाठ झालेले असते. साहित्याच्या परिभाषेत सांगायचे तर तो पुनर्वाचन करीत असतो. समोरून एसटी येत नाही, वळणावर खडी पसरलेली नसते, म्हैस आडवी जात नाही. घाटातला प्रवासी मात्र प्रत्येक वळण पहिल्यांदाच वाचतो. कठड्यापलीकडे बसून दुसऱ्याचे पुनर्वाचन पाहिलेला प्रेक्षक ती खात्री उसनी घेऊन बाहेर पडतो, आणि फाटकाबाहेर आल्यावर त्याची उजवी मूठ नेहमीपेक्षा थोडी अधिक पिळली जाते. शर्यत सुटल्यानंतर वाहनतळावरून ज्या आवेशात गाड्या निघतात तो पाहिला की याविषयी शंका उरत नाही.

म्हणून परतीचा मार्ग आखताना आमची पहिली कसोटी अशी की, त्याने हा उसना वेग आमच्याकडून काढून घेतला पाहिजे. सालेम-बेंगळूरु-हुबळी हा महामार्ग ते करीत नाही. सुमारे साडेनऊशे किलोमीटरांचे ते अंतर दीड-दोन दिवसांत उरकते आणि घरी आल्यावर सांगण्यासारखे काहीच नसते. निलगिरीतून, उटीवरून येण्याचा मोह सर्वांनाच होतो. २०२४ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने तेथे ई-पास लागू करावा लागला, यावरून त्या रम्यतेवर किती गर्दी लोटते याची कल्पना यावी. आम्ही सत्यमंगलमचा रस्ता धरतो.

सत्यमंगलमचे जंगल मराठी वृत्तपत्रवाचकाला अनेक वर्षे केवळ वीरप्पनमुळे ठाऊक होते. २००४ मध्ये तो मारला गेला; २०१३ मध्ये येथे व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. दिंबमच्या घाटाला सत्तावीस तीव्र वळणे आहेत आणि त्यांवर अवजड मालट्रक असे काही अडकतात की, मागच्या सर्वांना इंजिन बंद करून उभे राहावे लागते. चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी हा नियम येथे केवळ परीक्षेपुरता राहत नाही. वर हासनूरच्या बाजूला हत्ती उसाच्या ट्रकांची वाट पाहत रस्त्यावर येतात. २०२२ पासून रात्रीच्या वाहतुकीवर न्यायालयाच्या आदेशाने बंधने आहेत. म्हणजे निघायचे केव्हा आणि पोहोचायचे केव्हा, हे आपण ठरवत नसून जंगल ठरवते. शर्यतीनंतर पहिल्याच दिवशी हे घडावे यासाठी आम्ही म्हैसूरला पोहोचण्याचा हा रस्ता निवडतो. देखावा सुंदर आहेच. पण तो कारण म्हणून दुय्यम आहे.

आता 'निसर्गरम्य'कडे वळू. विद्यार्थ्यांच्या निबंधात हा शब्द आला की आम्ही त्याखाली रेघ ओढतो, कारण तो पाहणाऱ्याचा आळस लपवतो. म्हैसूरहून हासन, बेलूर, मुडिगेरे, शृंगेरी अशी वाट धरून तीर्थहळ्ळी तालुक्यात शिरले की कुप्पळ्ळी लागते. कुवेंपूंचे घर तेथे जतन केलेले आहे आणि कन्नडचे विद्यार्थी तेथे जसे येतात, तसे आपल्याकडचे विद्यार्थी एखाद्या मराठी लेखकाच्या घरी गेलेले आम्ही क्वचितच पाहिले आहेत. असो. त्यांच्या 'मलेगळल्लि मदुमगळु' (१९६७) या कादंबरीत गुत्ती आणि त्याचा कुत्रा हुलिया याच मलेनाडातल्या रानवाटा तुडवतात. त्या वाटा कामाच्या आहेत. त्यांवरून माणसे निरोप घेऊन, भीती घेऊन, दुसऱ्याची चाकरी करीत चालतात. झाडी दाट आहे याचे कौतुक त्यांना असण्याचे कारण नाही. आपली आडवाट ही कोणाची तरी रोजची वाट असते, एवढी गोष्ट ती कादंबरी वाचलेल्या माणसाच्या ध्यानात राहिली तर वेग आपोआप उतरतो.

याची खरी परीक्षा सागरच्या पुढे होते. लिंगनमक्की धरण १९६४ मध्ये झाले आणि शरावतीच्या फुगवट्याने कित्येक गावे बुडवली, उरलेली तोडली. ना. डिसोझा यांनी हे बुडणे कन्नड कादंबरीत आणले. त्यांच्या कथेवरचा गिरीश कासरवळ्ळींचा 'द्वीप' (२००२) आपल्या चित्रपट मंडळांतूनही दाखवला गेलेला आहे. पलीकडच्या तुमरी भागात जायचे तर लाँच हाच जवळचा मार्ग होता. मोटारसायकली लाँचवर चढवून, निळ्या पाण्याकडे पाहत पलीकडे जाणे हा अनेक स्वारांच्या बेतातला मानाचा टप्पा असे. जुलै २०२५ मध्ये तेथे सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा पूल खुला झाला, आणि दुचाकीवाल्यांच्या वर्तुळात हळहळ ऐकू येऊ लागली: आता मजा गेली.

ही हळहळ आम्हांला अजिबात मान्य नाही. संध्याकाळची शेवटची फेरी सुटली की पलीकडच्या माणसाला आजारी पडण्याचीही सोय नव्हती. दवाखाना गाठायचा तर दूरचा वळसा. राज्याला वीज मिळाली, त्यांना सहा दशके होडीची प्रतीक्षा मिळाली. ज्या गैरसोयीवर आपल्या छायाचित्राचे सौंदर्य उभे होते ती सरली याचे दुःख करणारा प्रवासी रसिक नव्हे. त्याला फार तर गिऱ्हाईक म्हणता येईल. मराठी प्रवासवर्णनाने कोकणाच्या बाबतीत हेच केले. तरी आणि मचवे गेल्याची खंत बहुधा मुंबई-पुण्याहून आलेल्या लेखकाने लिहिली. रोज त्या तरीत बसणाऱ्याने ती लिहिल्याचे निदान आमच्या वाचनात नाही. आमच्या बेतात सागरहून तुमरीला जाऊन परत येण्याचा दिवस पूर्वी होता तसाच आहे. फरक इतकाच की, आता दुपारचा चहा पलीकडे घेऊन रात्रीही परतता येते.

परतीला असा स्वतंत्र विचार द्यावा काय, असे कोणी विचारील. आपल्या बहुतेक प्रवासवर्णनांत परतीच्या वाट्याला शेवटची दोन पाने येतात, विमान सुटते आणि पुस्तक मिटते. पण या परंपरेच्या आरंभीच उभे असलेले गोडसे भटजींचे 'माझा प्रवास' (प्रथम प्रकाशन १९०७) मात्र वेगळे आहे. १८५७ मध्ये द्रव्य मिळवण्यासाठी उत्तरेस गेलेला हा वरसईचा ब्राह्मण बंडाच्या धुमाळीतून वाचतो, आणि आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन पायी परततो. कावड खांद्यावर असली की कोठे थांबायचे, कोठे निजायचे, किती चालायचे, हे ती ठरवते. परतीला तेथे आकार येतो तो त्या ओझ्यामुळे, असे आम्ही वर्गात सांगत आलो आहोत.

पुढचे थोडक्यात. जोग, सिद्धापूर, सिरसी, यल्लापूर. मग दांडेलीच्या जंगलाला वळसा घालून बेळगाव, आणि तेथून चंदगड-आजऱ्यावरून कोल्हापूर. एकूण पाच दिवस लागतात, तुमरीचा दिवस धरून सहा. महाविद्यालयाच्या रजेच्या अर्जात ते बसवणे दिंबमच्या घाटापेक्षा अवघड आहे. आमच्यापैकी एकाचे म्हणणे, यंदा रजा कमी असल्याने तुमरी गाळावी. दुसऱ्याचे म्हणणे, मग जोग गाळावा. धबधबा कॅलेंडरवरही दिसतो. हा वाद लेख लिहीपर्यंत मिटलेला नाही.