डॉक्टर व्हायचंय, पण कोणता?

‘मोठेपणी डॉक्टर’ म्हणणाऱ्या मुलांना ‘कोणता डॉक्टर?’ असं विचारून बघा. हृदयरोगतज्ज्ञ, सर्जन, मुलगी असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ, इथे यादी संपते. भूलतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ व्हायचंय, असं सहसा कुणी म्हणत नाही. खरं तर अशा शाखांतही माणसांची मोठी गरज आहे.

ग्रामीण रुग्णालयात सिझेरियन करायचं तर स्त्रीरोगतज्ज्ञ असून भागत नाही. भूल देणारं कुणी नसेल, तर अडलेल्या बाईला रुग्णवाहिकेतून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावं लागतं आणि वाटेत गेलेला वेळ जिवावर बेततो. केंद्र सरकारच्या २०२१-२२च्या आकडेवारीनुसार देशातल्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या तुलनेत जवळपास ८० टक्के तज्ज्ञ कमी होते. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बहुतेक राज्यांत लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ भरत नव्हता.

यात पैशाचाही हिशेब आहे. सर्जनला स्वतःचं हॉस्पिटल काढायचं तर जागा, ऑपरेशन थिएटर, कर्ज सगळंच आलं. भूलतज्ज्ञ मात्र चार-पाच हॉस्पिटलांत जाऊन काम करू शकतो. मानसोपचारतज्ज्ञाला सुरुवातीला एक खोली पुरते. तातडीच्या उपचारांचे तज्ज्ञ मोठ्या हॉस्पिटलांत पगारावर काम करतात. ज्यांच्या घरात भांडवल नाही, त्यांनी हे आधी बघायला हवं.

‘एआय आलंय, आता डॉक्टर कशाला?’ असंही ऐकू येतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून सांगतो: यंत्र एक्स-रेवरची शंकास्पद जागा दाखवू शकतं, पण रिपोर्टवर सही डॉक्टरचीच लागते आणि चुकलं तर जबाबदारीही त्याचीच. ऑपरेशन चालू असताना रक्तदाब अचानक कोसळला, तर टेबलाजवळ माणूसच लागतो.

वाट लांब आहे, हे मान्य. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, पुढे तीन वर्षं एमडी. २०२४ मध्ये सुमारे २३ लाख मुलांनी नीट दिली आणि एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर होत्या. म्हणूनच हातात आलेली जागा केवळ प्रतिष्ठेच्या हिशेबाने वापरणं परवडणारं नाही.

नीटमध्ये यश मिळवणाऱ्यांचे आपण सत्कार करतो. शाल, मोमेंटो, फोटो होतात. पण पाच वर्षांनी तीच मुलगी शाखा निवडायला बसते, तेव्हा घरातली पहिलीच डॉक्टर म्हणून तिला विचारायला कुणी नसतं. उलट ‘दवाखाना कधी टाकणार?’ हा प्रश्न मात्र सगळे विचारतात. प्रत्येक शहरातल्या आपल्या संस्थांनी वर्षातून एक दिवस वेगवेगळ्या शाखांच्या डॉक्टरांना एमबीबीएसच्या मुलांसमोर बसवावं. कामाचे तास, कमाई, रात्रीची ड्युटी, सगळं मोकळेपणाने बोलू द्यावं. याला सत्काराच्या हॉलइतकाही खर्च येणार नाही.