प्रेरणेवर एवढा भार टाकू नका

व्यायाम का सुटला, हे अकोल्यातल्या चार ओळखीच्या माणसांना विचारा. एक म्हणेल, "मनच लागत नाही बाप्पा." दुसरा म्हणेल, "मोटिवेशनच राहत नाही." तिसरा येत्या सोमवारपासून पुन्हा सुरू करणार असतो आणि चौथा विषय बदलतो. निदान चौघांचेही एकच: आतली ऊर्मी आटली. निदान ठरले की औषधही ठरलेले. पहाटे मोबाइलवर येणारे सुविचार, घामाघूम नटांचे व्हिडिओ, कपाटाच्या दारावर चिकटवलेला स्वतःचा लग्नाआधीचा फोटो आणि वर 21 दिवसांचे चॅलेंज. एवढे करूनही माणूस मार्चमध्ये घरीच बसलेला दिसतो. मग डोस वाढवतात.

माझे म्हणणे असे, की हे निदानच चुकले आहे.

प्रेरणावाद्यांची बाजू पोकळ नाही, हे आधी कबूल करायला हवे. इच्छेशिवाय माणूस जागचा हलत नाही. साखरेचा रिपोर्ट हातात पडल्यावर, भावाच्या छातीत कळ आल्यावर किंवा पोलिस भरतीची जाहिरात निघाल्यावर लोक दुसऱ्या दिवशी पहाटे धावायला लागतात, हे आपण सगळ्यांनीच पाहिले आहे. भीती, हौस, ईर्षा, काहीही असो, सुरुवात तिनेच होते. त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो पुढच्या दाव्याबद्दल. सुरुवात जिने केली तिनेच रोज सकाळी येऊन अंथरुणातून उठवावे, ती आली नाही तर तिला चेतवावे, आणि तरीही आली नाही तर माणसात खोट आहे असे समजावे, हा तो दावा.

सेरा मिल्न, शीना ऑर्बेल आणि पास्कल शीरन या तिघा मानसशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे मोलाचा आहे. ब्रिटनमधल्या 248 विद्यार्थ्यांचे त्यांनी तीन गट केले. एका गटाला विशेष काहीच सांगितले नाही. दुसऱ्याला हृदयविकार आणि व्यायाम यांवरचा प्रभावी मजकूर वाचायला दिला, म्हणजे आपल्या भाषेत मोटिवेशन दिले. तिसऱ्याला तोच मजकूर दिला, शिवाय कागदावर लिहून घेतले: पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार? आठवड्याने हिशोब झाला. पहिल्या गटातल्या 38 टक्के मुलांनी व्यायाम केला होता, प्रेरित गटातल्या 35 टक्के आणि वेळ-जागा लिहून दिलेल्यांपैकी 91 टक्के. प्रेरणा दिलेला गट काहीच न दिलेल्या गटाच्या पुढे गेला नाही. एका आठवड्याचा प्रयोग, तोही परदेशी विद्यार्थ्यांवरचा, हे मान्य. पण व्याख्यानाची तिकिटे काढण्याआधी हे आकडे पाहायला हरकत नाही.

21 दिवसांचे चॅलेंज तर आणखी गमतीचे. हा आकडा बहुतेक वेळा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनपर्यंत जाऊन पोहोचतो. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान 21 दिवस लागतात, असे त्याचे निरीक्षण होते आणि 1960 च्या पुस्तकात त्याने ते नोंदवले. नाकाची सवय होणे आणि पहाटे पाचला उठणे यांत काही फरक असावा, असे नंतरच्या कुणाला वाटले नाही. 'किमान' हा शब्द वाटेत गळाला आणि उरला तो नियम. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर हे खरोखर तपासले तेव्हा सवय अंगवळणी पडायला मध्यम मानाने 66 दिवस लागतात असे आढळले. कुणाला 18 पुरले, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. एखादा दिवस चुकला तर सवय जडण्यात फारसा फरक पडत नाही. चॅलेंजवाले मात्र एक दिवस चुकला की पाटी कोरी करून पुन्हा एकपासून मोजायला लावतात. लोक मैदान सोडतात ते बरेचदा याच ठिकाणी.

आता दुसरा पंथ. हे लोक म्हणतात, प्रेरणा-बिरणा खोटी, शिस्त पाहिजे. कारणे सांगू नका, उठा. ऐकायला हे कणखर वाटते, पण यात फक्त नाव बदलले आहे. पहिल्याने भार मनाच्या उत्साहावर टाकला, दुसऱ्याने मनाच्या निग्रहावर. दोघांच्याही हिशोबात माणूस एकटा आहे आणि रोज सकाळी त्याला स्वतःशीच कुस्ती जिंकायची आहे. रात्रपाळी करून आलेला एमआयडीसीतला कामगार किंवा सहा वाजता दोन डबे भरणारी बाई यांना 'कारणे सांगू नका' म्हणणाऱ्याने एकदा त्यांची सकाळ पाहावी.

मग टिकते कशाने? उत्तरासाठी लांब जायला नको. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात जे घडते ते पाहा. आदल्या रात्री हजारो पोरे गांधीग्रामला जातात, पूर्णेचे पाणी भरण्यांत भरून घेतात आणि अनवाणी, खांद्यावर कावड घेऊन सुमारे 18 किलोमीटर चालत राजराजेश्वराच्या मंदिरात आणतात. मोठ्या मंडळांच्या कावडीला शेकडो भरणे असतात. यातली कित्येक पोरे एरवी पानटपरीपर्यंत गाडी काढतात. त्या रात्री प्रत्येकाचा मूड चांगला असतो असे थोडेच आहे? पाऊस असतो, खडी टोचते, खांदा सोलतो. पण तारीख ठरलेली, वाट ठरलेली, खांदा बदलायला कोण येणार तेही ठरलेले. "आज जावे का?" हा प्रश्न कुणाच्या मनात उगवायला जागाच नसते. निर्णय मंडळाने घेतलेला असतो, पायांनी फक्त चालायचे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, ही तर श्रद्धा, म्हणजे प्रेरणाच झाली. श्रद्धा आहेच. पण ती वर्षभर असते आणि चालणे एकाच रात्री होते. बाकीच्या 364 दिवशी तीच श्रद्धा असलेला भक्त राजराजेश्वराच्या दर्शनाला दुचाकीवर जातो. फरक भक्तीत पडत नाही, आखणीत पडतो. दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे. वर्षातून एकदा चालून तब्येत सुधारते का? नाही. मंगळवारी पाय शेकत बसलेली पोरे बुधवारी पूर्वीसारखीच असतात. कावडीने आरोग्य मिळते असे मी म्हणतच नाही. एकदा केलेल्या पराक्रमाने सवय लागत नाही, हेही तिनेच सिद्ध होते. मॅरेथॉनचे पदक भिंतीला टांगून पुढचे वर्षभर सोफ्यावर काढणाऱ्यांनाही हे लागू आहे.

रोजचे उदाहरण हवे असेल तर अमरावतीला जावे लागेल. वैद्य बंधूंनी 1914 मध्ये सुरू केलेल्या हनुमान आखाड्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. मंडळाच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. ही गोष्ट वऱ्हाडात अभिमानाने सांगतात, सांगावीच. पण मला बर्लिनपेक्षा त्याआधीची वीसेक वर्षे अधिक अभ्यासण्यासारखी वाटतात. आखाड्याला वेळ असते, वस्ताद असतो आणि आला नाहीस तर विचारणारा असतो. मल्लखांबावर चढणाऱ्या पोराला आत्मचरित्रे वाचायला देत नाहीत, तेल लावायला लावतात.

तुकडोजी महाराजांनीही गुरुकुंज मोझरीत हेच ओळखले होते. सकाळचे सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना त्यांनी गावोगाव रुजवली. मन लागेल तेव्हा, जमेल तिथे करा, असे त्यांनी म्हटले नाही. देवाच्या नामस्मरणासाठीसुद्धा ज्यांनी माणसाच्या लहरीवर विसंबणे टाळले, त्यांच्या मुलखात आपण पोटाचा घेर लहरीवर सोपवतो.

प्रेरणेच्या बोलबाल्याचा मोठा तोटा वेगळाच आहे. त्याने सगळा दोष माणसाच्या आत ढकलला जातो आणि बाहेरचे सुटते. 2024 मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अंदाजानुसार 2022 साली भारतातले जवळपास 50 टक्के प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण 42 टक्के होते, तर बायकांत 57. आता कुणी सांगावे, की बायकांत प्रेरणा पंधरा टक्क्यांनी कमी असते म्हणून? त्यांना पहाटे घराबाहेर पडता येत नाही, संध्याकाळी रस्त्यावर दिवे नसतात आणि मैदान क्रिकेटवाल्यांनी धरलेले असते. त्यात अकोल्याचा उन्हाळा. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पलीकडे जातो तेव्हा सकाळी आठनंतर बाहेर चालायला सांगणे म्हणजे आजाराला आमंत्रण. इथे दोन महिन्यांसाठी वेगळी वेळ आणि छप्पर असलेली जागा आधीच ठरवलेली लागते. नाही तर एप्रिलमध्ये सुटलेले पाऊल मृगापर्यंत परत पडत नाही आणि आपण म्हणतो, मोटिवेशन गेले.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. पराक्रमाची गरज नाही, म्हणूनच तो एकट्याने करायला कंटाळवाणा आहे, आणि म्हणूनच त्याला सोबत लागते.

कावड मंडळांकडे याची सगळी सामग्री तयार आहे. वस्तीवार पोरे, त्यांचे फोन नंबर, ज्याचे ऐकतात असा एखादा दादा आणि सोमवार हा ठरलेला वार. श्रावण सोडून उरलेल्या अकरा महिन्यांत त्याच मंडळाने दर सोमवारी पहाटे साडेपाचला आपल्या चौकातून चार किलोमीटर चालायला निघावे, बायकांसाठी संध्याकाळी सातला निघावे, आणि उन्हाळ्यात एखाद्या शाळेचे सभागृह मागून घ्यावे. सोमवार अंगवळणी पडला की बुधवार आणि शुक्रवार जोडावेत. शाळा सहसा नाही म्हणत नाहीत, विचारायला कुणी गेले तर. यावर एक अडचण मंडळवाल्यांनीच मला सांगितली: "डीजे नसेल तर पोरं येतील का?" पहिल्या सोमवारी कमी येतील. दोघे आले तरी निघायचे, कारण तिसऱ्याला आपण कुठे आणि किती वाजता सापडतो हे कळलेले असते.